शरीरातल्या एका एन्झाईमचं नाव 'यम' होतं म्हणे! मग हा यम कॅन्सरला का उचलत नाही?

कळंब्याचा_मामा (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:१२

मंडळी नमस्कार. माझी भाची इथंच एमएस्सी करते, झूलॉजी. आज जेवायला आलेली, मटण होतं म्हणून, एरवी मामा आठवत नाही. पण तोंड पार उतरलेलं. विचारलं काय गं झालं, तर म्हणते "मामा, तीन महिने झाले माझा यम सापडेना." आमच्या आईच्या हातातला घास तिथंच राहिला. म्हटलं पोरी अमावस्येच्या तोंडावर काय बोलतीस.

मग तिनं सांगितलं की आपल्या प्रत्येक पेशीत कॅस्पेस-३ म्हणून एक एन्झाईम असतं, वेळ आली की ते पेशीला मारतं, आणि शोध लागला तेव्हा एका लॅबनं त्याला चक्क 'यम' नाव दिलेलं. मी कॉमर्सवाला, मला ती थापा मारते का खरं बोलते कळेना. आणि खरं असलं तर माझा साधा प्रश्न, यम घरातच बसलाय तर कॅन्सरच्या पेशी मोकाट का फिरतात? त्यांना का उचलत नाही? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं, माझ्या आईला पण ऐकायचंय.

तांबडा_रस्सा | रविवार, रात्री ९:२०

पहिला! मटणाबरोबर पांढरा होता का नुसता तांबडा, ते आधी सांगा. मग यमाचं बघू.

निवृत्त_मास्तर | रविवार, रात्री १०:०५

भाची थापा मारत नाही. एन्झाईमला आम्ही वर्गात विकर शिकवायचो, पोरं पेपरात 'विकार' लिहून यायची, ते असो.

पेशी मरणं दोन तऱ्हेचं असतं. एक अपघाती मरण. भाजलं, ठेचलं, रक्त पोचलं नाही, की पेशी फुटते, आतला माल बाहेर सांडतो आणि आजूबाजूला सूज येते. दुसरं ठरवून आलेलं मरण. आईच्या पोटात आपल्या हाताची बोटं आधी बदकाच्या पायासारखी पडद्यानं जोडलेली असतात, मधल्या पेशी वेळेवर मरतात म्हणून बोटं सुटी होतात. बेडकाच्या पिल्लाची शेपूट जाते ती पण अशीच. या ठरवून येणाऱ्या मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी अपोप्टोसिस हे नाव दिलं. शब्द सुचवला ॲबरडीनच्या एका ग्रीक शिकवणाऱ्या प्राध्यापकानं. झाडाची पानं गळणं असा त्याचा अर्थ. पिंपळाची पानं फाल्गुनात गळतात, कुणी झाड हलवत नाही, तसं.

मोठ्या माणसाच्या शरीरात रोज अशी पाच-सात हजार कोटी पानं गळतात. आणि आपण सकाळी उठून दूधकट्ट्यावर जातो, काही कळत पण नाही.

उद्यमनगरचा_लेथ | रविवार, रात्री १०:३१

मास्तर, पानगळ छान आहे पण मला यंत्र कळतं, कविता कळत नाही. हे एन्झाईम नक्की करतं काय? विष आहे का? आणि प्रत्येक पेशीत आधीपासनं असतं तर पेशी जन्मल्या जन्मल्याच का मरत नाही?

स्लाईडवाली | सोमवार, दुपारी २:४८

मी पॅथॉलॉजिस्ट. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, चुका पोटात घाला.

लेथदादा, विष नव्हे, कात्री. प्रोटीन कापणारी कात्री. पण भाजीसारखं कुठंही सपासप नाही कापत. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, त्यात ॲस्पार्टेट नावाचा मणी आला की त्याच्या पुढंच कापायचं, आणि त्यातही कॅस्पेस-३ ला ठराविक चार मण्यांची ओळ आवडते. म्हणून पेशीतली हजारो प्रोटीनं ती सोडून देते आणि नेमकी काहीशेच कापते. डीएनए दुरुस्त करणारं पार्प नावाचं प्रोटीन त्यातलं एक, म्हणजे आधी दुरुस्तीवाल्यालाच घरी पाठवलं. मग डीएनएचे तुकडे करणारा एक एन्झाईम असतो, त्याला एका प्रोटीननं बांधून ठेवलेलं असतं, ते बांधणारंच कापते, की तो सुटला. पेशीचा सांगाडा कापते. शेवटी पेशी आक्रसते, तिच्या छोट्या छोट्या पुड्या होतात, वरच्या आवरणावर "मला खा" अशी पाटी लागते आणि शेजारच्या पेशी येऊन गिळून टाकतात. ना सूज, ना बोंबाबोंब.

आणि जन्मल्या जन्मल्या मरत नाही कारण कात्री म्यानात असते. कॅस्पेस-३ आधी अखंड, ३२ किलोडाल्टनचं (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) असतं, झोपलेलं. दुसऱ्या कॅस्पेसनं, म्हणजे आठ किंवा नऊ नंबरच्यानं, त्याला कापलं की १७ आणि १२ असे तुकडे होतात, तसल्या दोन जोड्या एकत्र बसल्या की कात्री चालू. आठ नंबरवाला बाहेरचा निरोप ऐकतो. नऊ नंबरवाला आतला बिघाड ऐकतो, मायटोकॉन्ड्रियातनं, म्हणजे पेशीच्या वीजघरातनं, सायटोक्रोम-सी नावाचं प्रोटीन गळायला लागलं की तो उठतो.

उद्यमनगरचा_लेथ | सोमवार, दुपारी ३:१०

आत्ता कळालं! म्हणजे मेन स्विच, त्याच्यावर रिले, त्याच्यावर दोन सेन्सर. ताई, तुम्ही आमच्या फौंड्रीत पाहिजे होता.

गंगावेस_१९७४ | सोमवार, संध्या. ६:०२

एवढं कशाला पाहिजे, रोज सकाळी उपाशीपोटी हळद आणि मध घ्या, हळदीनं कॅन्सरच्या पेशी २४ तासात मरतात हे सिद्ध झालंय. सांगलीची हळद घ्या, बाकीची भेसळ.

तांबडा_रस्सा | सोमवार, संध्या. ६:०४

कोल्हापुरात येऊन सांगलीची जाहिरात. यम कॅन्सरला राहू दे, आधी ह्यांना उचला.

स्लाईडवाली | सोमवार, रात्री ८:५५

गंगावेसकाका, राग मानू नका. हळदीतल्या करक्युमिननं काचेच्या डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी मरतात आणि त्यात कॅस्पेस-३ जागं होतं, असे शेकड्यानं पेपर आहेत, ते खोटे नाहीत. पण डिशमध्ये फिनेल ओतलं तरी पेशी मरतात की. पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात फार थोडं पोचतं आणि पोचलेलं टिकत नाही, खरी अडचण तिथं आहे. भाजीत हळद घाला, आनंदानं घाला. पण माझ्यासमोर बायका येतात, गाठ लिंबाएवढी होती तेव्हा काढे घेत बसल्या आणि नारळाएवढी झाल्यावर आल्या. ते बघवत नाही, म्हणून बोलले.

गंगावेस_१९७४ | सोमवार, रात्री ९:३०

आम्ही औषध बंद करा असं कुठं म्हटलं. बरं राहिलं.

शाहूपुरी_ते_मिशिगन | मंगळवार, सकाळी ७:१५

इथं रात्र आहे, झोप येईना म्हणून धागा उघडला तर आमच्याच गावची गोष्ट. यम नावाबद्दल खात्रीनं सांगतो, खरं आहे. १९९५ साली मिशिगन विद्यापीठात विश्व दीक्षित यांच्या लॅबनं पेपर काढला, पहिलं नाव मुनीश तिवारी, आणि त्यांनी ह्या एन्झाईमला यम नाव दिलं, आपल्या मृत्यूदेवतेवरनं. गंमत अशी की वर्षभर आधी दुसऱ्यांनी त्यालाच सीपीपी३२ म्हटलेलं आणि त्याच वर्षी तिसऱ्यांनी ॲपोपेन म्हटलं. एकाच माणसाची तीन रेशनकार्डं. मग १९९६ ला सगळ्यांनी बसून ठरवलं की ह्या घराण्याला कॅस्पेस म्हणायचं आणि नंबर टाकायचे. यम गेला, तीन नंबर आला. मला अजून वाईट वाटतं.

घराण्याचं मूळ मात्र एका किड्यात सापडलं. मिलीमीटरभर लांबीचा सूत्रकृमी, त्याच्या वाढीत शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोब्बर १३१ मरतात, प्रत्येक किड्यात त्याच. हॉर्विट्झ यांच्या लॅबला असे किडे मिळाले ज्यांच्यात ह्या १३१ मरतच नव्हत्या, कारण सेड-३ नावाचं जीन बिघडलेलं. ते जीन म्हणजे आपल्या कॅस्पेसचा खापरपणजोबा. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल ह्याच किड्यावरच्या कामाला.

कळंब्याचा_मामा | मंगळवार, सकाळी ८:४०

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते यम खरा असंल तर रेडा कुठाय.

तांबडा_रस्सा | मंगळवार, सकाळी ८:४४

पाडव्याला आमच्या पेठेत या म्हणावं, म्हशी सजवून पळवतो तेव्हा एखादा दाखवू.

मंगळवारपेठ_वहिनी | मंगळवार, दुपारी १२:२०

माझा प्रश्न मामांचाच आहे, अजून कुणी उत्तर दिलं नाही. यम आहे, कात्री आहे, सगळं आहे. मग कॅन्सर होतोच कसा?

स्लाईडवाली | मंगळवार, रात्री ९:१५

वहिनी बरोबर पकडलंत. यमाचीच भाषा वापरते.

यम शक्यतो जागेवरच असतो, त्याला उठू देत नाहीत. पी५३ नावाचं प्रोटीन म्हणजे चित्रगुप्त समजा, डीएनएचं नुकसान मोजणारा. हिशोबाबाहेर गेलं की तो निरोप धाडतो. निम्म्याच्या आसपास कॅन्सरमध्ये हा चित्रगुप्तच बिघडलेला असतो, निरोपच जात नाही. दुसरं बीसीएल-२ नावाचं प्रोटीन, मायटोकॉन्ड्रियाच्या दाराशी बसतं आणि सायटोक्रोम-सी गळू देत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमात, म्हणजे लिम्फच्या गाठींच्या एका कॅन्सरमध्ये, १४ आणि १८ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि हे बीसीएल-२ प्रमाणाबाहेर बनायला लागतं. मी रोज बघते, लिम्फनोडची गाठ आली की नुसती इन्फेक्शननं सुजलीय का लिम्फोमा, हे ठरवायला बीसीएल-२ चा डाग देतो, म्हणजे ते प्रोटीन असेल तिथं तपकिरी रंग चढतो. सुजलेल्या गाठीत पेशींचे गोल पुंजके असतात, त्या गोलाच्या मध्यातल्या पेशी डाग घेत नाहीत, कारण नालायक निघाल्या तर त्यांनी मरायचंच असतं. लिम्फोमात सगळा गोल तपकिरी. मरायला कुणी तयारच नाही.

आणि तिसरं एक्सआयएपी नावाचं प्रोटीन, हे तर जाग्या झालेल्या यमाचाच हात धरून ठेवतं.

मंगळवारपेठ_वहिनी | मंगळवार, रात्री ९:२८

म्हणजे सावित्री!

तांबडा_रस्सा | मंगळवार, रात्री ९:२९

वहिनी 🙏 वडाला सात फेऱ्या आणि सत्यवान म्हणजे ट्यूमर. काय वेळ आली.

राधानगरी_रोड | बुधवार, सकाळी ६:५०

बीसीएल-२ चा विषय निघाला म्हणून लिहितोय, नाहीतर मी वाचनमात्र. वडिलांना रक्ताचा कॅन्सर, सीएलएल म्हणतात तो, वय ७१. त्यांना व्हेनेटोक्लॅक्स गोळी चालू झाली. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलेलं की दारातल्या राखणदाराला ही गोळी बाजूला करते आणि पेशी आपोआप मरतात. अमेरिकेत २०१६ ला परवानगी मिळालेलं औषध आहे. आम्हाला वाटलं कॅन्सरची गोळी म्हणजे पहिल्या दिवसापासनं फुल्ल डोस. तर नाही. २० मिलिग्रॅम एक आठवडा, मग ५०, १००, २००, आणि पाचव्या आठवड्यात ४००. कारण सगळ्या पेशी एकदम मेल्या तर आतलं पोटॅशियम आणि युरिक ॲसिडचा कचरा रक्तात येऊन किडनी आणि हृदय धोक्यात येतं. पहिल्या दिवशी दवाखान्यात ठेवून दर काही तासांनी रक्त काढत होते, बाप म्हणतो कॅन्सरनं नाही, तुमच्या सुईनं मरीन.

तेव्हा मला कळालं की यम येणं एक, पण येताना रांगेत यायला पाहिजे. आता बरे आहेत. परवा शेताला पाणी पाजून आले, न सांगता.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ७:३०

आबांना नमस्कार सांगा. आणि न सांगता गेले म्हणजे बरेच आहेत.

शाहूपुरी_ते_मिशिगन | बुधवार, सकाळी ८:०५

एक उलटी बाजू पण सांगतो, नाहीतर सगळे म्हणतील यम वाढवला की काम झालं. २०११ मध्ये नेचर मेडिसिनला एक पेपर आला, त्यात दिसलं की रेडिएशननं मरणाऱ्या ट्यूमरच्या पेशीतलं जागं झालेलं कॅस्पेस-३ असा निरोप सोडतं, प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाच्या रसायनाच्या मार्गानं, की शेजारच्या वाचलेल्या पेशी आणखी जोमानं वाढतात. मूळचा उद्योग चांगला आहे, जखम झाली की मरणाऱ्यानं शेजाऱ्याला सांगायचं, माझी जागा भर. कॅन्सर ती सोय आपल्या कामाला लावतो. उसाचं पाचट कुजून खोडव्याला खत व्हावं तसं.

उद्यमनगरचा_लेथ | बुधवार, सकाळी ९:१२

हे पटेना. मारणारं एन्झाईमच वाढवतं? मग स्लाईडवाल्या ताई म्हणतात ते खरं का तुम्ही म्हणता ते?

स्लाईडवाली | बुधवार, दुपारी २:३०

दोन्ही. बर्किट लिम्फोमाची स्लाईड बघा, सगळ्यात झपाट्यानं वाढणाऱ्या कॅन्सरपैकी एक, आणि त्यातच मरणाऱ्या पेशी ढिगानं असतात. मेलेल्यांना गिळणाऱ्या फिकट मोठ्या पेशी निळ्या शेतात अशा पसरलेल्या दिसतात की आम्ही त्याला 'तारांकित आकाश' म्हणतो. यम ओव्हरटाईम करतोय, पण जन्माची गाडी त्याच्यापेक्षा जोरात. ट्यूमरच्या तुकड्यात जागं कॅस्पेस-३ जास्त दिसलं म्हणजे पेशंटचं चांगलंच होणार, असं मी तरी रिपोर्टवर लिहिणार नाही.

मिशिगनकरांशी माझा वाद एवढाच, की हे वाचून कुणी रेडिएशनला घाबरू नये. त्यानं गाठी जातात, रोज बघते.

शाहूपुरी_ते_मिशिगन | बुधवार, दुपारी ४:०१

मान्य. ती ओळ मी आधी लिहायला पाहिजे होती.

तांबडा_रस्सा | बुधवार, रात्री १०:४०

मंडळी, मी मेला टवाळ माणूस, पण एक विचारू का? चार दिवस झाले सगळे यमावर बोलताय, सावित्री झाली, रेडा झाला. ती पोरगी रडवेल्या तोंडानं काय म्हणालेली? "माझा यम सापडेना." तीन महिने. म्हणजे काय सापडेना हे कुणी विचारलं का तिला? मामा तुम्ही तरी?

कळंब्याचा_मामा | बुधवार, रात्री ११:०२

अरे देवा. खरंय. आत्ता फोन केला तिला, जागीच होती. सांगितलं ते जसंच्या तसं टाइप करतो, मला ओ की ठो कळालेलं नाही. हिरड्याच्या अर्कानं ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी मरतात का बघायचंय. पेशी मरतात, हे दिसतं. मग वेस्टर्न ब्लॉट केला कॅस्पेस-३ चा, तर बँडच येत नाही. अँटीबॉडी तीसेक हजारांची, नवीन मागवली, तरी नाही. डीएनएची शिडी म्हणून काहीतरी असतं, ती पण नाही. गाईड म्हणतात तुझा हात बसलेला नाही. आता ती म्हणते विषयच सोडते.

स्लाईडवाली | बुधवार, रात्री ११:१०

मामा, वेस्टर्न ब्लॉट म्हणजे पेशीतली प्रोटीनं वजनाप्रमाणं वेगळी करून हवं ते अँटीबॉडीनं शोधायचं, सापडलं की पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. औषध न घातलेल्या पेशीत ३२ च्या जागी अखंड कॅस्पेस-३ चा बँड येतो का? म्हणजे झोपलेला यम तरी दिसतो का? विचारा.

कळंब्याचा_मामा | बुधवार, रात्री ११:१८

नाही म्हणते. कुठंच काही नाही. पांढरं कोरं.

शाहूपुरी_ते_मिशिगन | बुधवार, रात्री ११:२१

मामा, एकच विचारा. पेशी एमसीएफ-७ आहेत का? लॅबमध्ये वाढवतात त्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींचा एक वाण आहे.

कळंब्याचा_मामा | बुधवार, रात्री ११:२३

हो. तुम्हाला कसं कळालं?

शाहूपुरी_ते_मिशिगन | बुधवार, रात्री ११:३८

तिला म्हणावं रडू नको, तुझा हात सोन्यासारखा बसलाय. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेस-३ नसतंच! त्या पेशींच्या कॅस्पेस-३ च्या जीनमधनं ४७ अक्षरं गळालीत, त्यामुळं प्रोटीन बनतच नाही. १९९८ साली छापून आलंय. डीएनएची शिडी, म्हणजे तुटलेल्या डीएनएच्या तुकड्यांचे पायऱ्यांसारखे पट्टे, न दिसण्याचं कारण पण तेच, डीएनए तोडणाऱ्याला सोडवणारी कात्रीच नाही. पेशी मरतात त्या दुसऱ्या वाटेनं, सात नंबरचा कॅस्पेस काम चालवतो. तीन महिने पोरगी बरोबर उत्तर काढत होती आणि त्याला चूक म्हणत होते.

योगायोग बघा. एमसीएफ म्हणजे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन. १९७० मध्ये एका आजारी ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातनं ह्या पेशी वाढवल्या. यमाचं नाव ठेवलं ते मिशिगनमध्ये, आणि ज्यांच्या घरी यम जात नाही त्या पेशी पण मिशिगनच्याच.

आता काय करायचं: पार्प कापलं जातंय का बघ, ते सात नंबरवाला पण कापतो, ११६ चा ८९ होतो. सात नंबरचाच ब्लॉट कर. आणि शेजारच्या लॅबमधनं हेला पेशी (लॅबमधलाच कॅन्सर पेशींचा दुसरा वाण) मागून आण, त्यांच्यात कॅस्पेस-३ आहे. सोबत स्टॉरोस्पोरिन (पेशींना हमखास मारणारं रसायन) घातलेली एक लेन, म्हणजे ब्लॉटवरची एक रांग, ठेव, म्हणजे अँटीबॉडी चालते का ते तरी कळेल.

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ६:१५

चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. कोरं पान बघितलं की लाल रेघ मारायचो. किती जणांचं बरोबर असेल कुणास ठाऊक.

गंगावेस_१९७४ | गुरुवार, सकाळी ७:००

पोरीला म्हणावं दूधकट्ट्यावर ये, धारोष्ण दूध आमच्याकडनं.

हिरडा_लेन_नं_४ (नवीन सदस्य) | वीस दिवसांनी, शनिवार, संध्या. ५:५०

नमस्कार, मीच ती भाची. मामांनी खातं काढून दिलं. सगळ्यांना, त्यात रस्साकाकांना आधी, थँक्यू.

गाईडना पेपर दाखवला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले "हे मला माहीत असायला पाहिजे होतं." मी त्यांच्याकडनं तेवढीच अपेक्षा करत होते, बरं वाटलं. मग आमच्या कपाटातला एका सीनियरचा जुना प्रबंध काढला. त्याच पेशी, तोच कोरा ब्लॉट, खाली टीप, "अँटीबॉडी सदोष". तिला शोधून मेसेज केलाय, ती आता बँकेत आहे.

हेला मिळाल्या. स्टॉरोस्पोरिनच्या लेनमध्ये १७ ला असा काळाभोर बँड आला की मी अंधाऱ्या खोलीत "आला!" म्हणून ओरडले, वॉचमन आला. झोपलेला यम पण ३२ ला सगळ्या लेनमध्ये आहे. एमसीएफ-७ मध्ये पार्प कापलेलं दिसतंय, थोडं.

फक्त हेलाच्या हिरडा घातलेल्या लेनमध्ये १७ ला अजून काही दिसलं नाही. डोस वाढवून परत करणार आहे सोमवारी.

तांबडा_रस्सा | शनिवार, संध्या. ५:५४

म्हणजे सध्या तरी हिरडा पोट साफ करायलाच बरा. मामा, पोरगीला मटणाला बोलवा, आणि ह्यावेळी पांढरा पण करा.